आत्याचा पाय आणि उस्तानीबाईंची मंतिक

माझ्या आत्याचा पाय वाईट आहे, हे आमच्या घरात कुणी कुणाला मुद्दाम सांगत नसे. विहिरीचं पाणी मचूळ आहे, उन्हाळ्यात माडीवर झोपता येत नाही, तसंच ते होतं. सगळ्यांना ठाऊक असलेलं आणि कुणी न बोलायचं.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न होऊन आमच्याच भागातल्या वाशीकडच्या एका खेड्यात गेली. वर्षाच्या आत तिथं पटकीची साथ आली, नवरा गेला आणि ती धाराशिवला परत आली. ती आली त्याच महिन्यात माझे आजोबा वारले. गल्लीनं या दोन मरणांची गाठ मारली, आणि ती पुढं कुणी सोडवली नाही. आम्ही लिंगायत. आमच्यात विधवेचं दुसरं लग्न लावायची रीत आहे, आणि अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तशी खटपटही केली. पण आलेले लोक गल्लीच्या तोंडाशी पाणी प्यायला थांबत, काय ऐकायचं ते ऐकत आणि आमच्या घरी चहा न घेताच परत जात.

आत्यानं स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती. कुणी गावाला निघालं की ती आधीच चुलीपाशी जाऊन बसे, म्हणजे निघणाऱ्याला आडवी जायला नको. लग्नाच्या घरी ती चार दिवस आधी जाऊन डाळी निवडून देई आणि हळदीच्या दिवशी परत येई. नव्या वासराला हात लावत नसे. तिला हे कुणी सांगावं लागत नसे, आणि म्हणूनच कुणाला त्याचं काही वाटतही नसे.

अप्पांचं पेठेत करडई-जवसाचं दुकान होतं. त्या काळी निजामाचं राज्य होतं, कचेरीतला सगळा कारभार उर्दूत चाले. अप्पांना मोडी येई, उर्दूचं अक्षर कळत नसे. कचेरीतून काही आलं की ते वाचून घ्यायला दुसऱ्याच्या ओट्यावर बसावं लागे. घरात तेव्हा मी एकटीच. माझ्यामागचा भाऊ जन्मल्यावर आठवडाभरातच गेला होता. म्हणून मग मलाच मुलींच्या सरकारी शाळेत घातलं. खालचे वर्ग संपवून मी वस्तानियात, म्हणजे पाचवीत गेले, तेव्हा आम्हाला शिकवायला नव्या उस्तानीबाई आल्या.

त्या हैदराबादच्या. सडसडीत, जरा पुढं वाकून चालणाऱ्या. लग्न केलेलं नव्हतं. सोबत म्हातारे वडील असत. ते एके काळी मदरशात मंतिक शिकवत. मंतिक म्हणजे तर्कशास्त्र. कोणतं बोलणं कशातून निघतं आणि कशातून निघत नाही, याची विद्या. आता त्यांची नजर गेली होती. मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी आपली विद्या लेकीला दिली होती. सरकारनं मात्र उस्तानीबाईंना आम्हाला उर्दू आणि हिसाब शिकवायला नेमलं होतं. मंतिक कुठल्याच इयत्तेत नव्हती.

शुक्रवारी शाळेला सुट्टी असे. त्यामुळं गुरुवारच्या शेवटच्या तासाला कुणाचं लक्ष लागत नसे. उस्तानीबाईंनी तो तास मंतिकीला दिला. पहिल्याच गुरुवारी त्यांनी विचारलं, "जिनिंगचा भोंगा वाजला की समोरचा हलवाई भट्टी पेटवतो. रोज. बरोबर?"

आम्ही बरोबर म्हणालो.

"तो फिर भोंगा भट्टी पेटवतो?"

वर्गात हसू झालं. मागं बसणारी एक कासाराची मुलगी उठून म्हणाली, "व्हय जी. त्याच्याकडं घड्याळ न्हाय. तो भोंग्याची वाट बघतो."

आम्हाला वाटलं तिला आता बोलणी बसणार. उस्तानीबाईंचा चेहरा उलट खुलला. "असंल. पण तुला कसं कळलं? आधी भोंगा, नंतर भट्टी, एवढ्यावरून? एवढ्यावरून तर मीही म्हणेन, भोंग्यानंतर गाढवं ओरडतात, म्हणजे भट्टी गाढवं पेटवतात."

"मग कसं कळणार जी?"

"जिनिंग कधी बंद असते?"

"शुक्रवारी."

"तर उद्या जाऊन बघा. भोंगा नाही, तेव्हा भट्टी पेटते का."

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही चार-पाच जणी हलवायाच्या दुकानासमोर जाऊन उभ्या राहिलो. भोंगा वाजला नाही. भट्टी मात्र रोजच्याच वेळेला पेटली. हलवायानं आम्हाला विचारलं काय पाहिजे, तेव्हा आम्ही पळत सुटलो. कासाराच्या मुलीला वाईट वाटलं असेल, पण शनिवारी शाळेत ही बातमी तिनंच सगळ्यांच्या आधी सांगितली.

पुढं दर गुरुवारी असं काहीतरी असे. बोलण्यातल्या चुकांना किताबात अरबी नावं होती, ती आमच्या जिभेवर बसेनात. मग आम्हीच नावं पाडली. "हा माणूस खोटं बोलत नाही, कारण तो स्वतःच तसं सांगतो," हे घाण्याचा बैल, फिरून फिरून तिथंच येणारं. समोरच्याचं म्हणणं बाजूला ठेवून त्याच्या बापावर आणि जातीवर घसरलं, की ते तोंड बघून तोलणं. "एक तर माझं ऐक, न्हायतर विहिरीत उडी टाक," हे दोनच दारं. तिसरं दार दडवून ठेवलेलं असतं, ते शोधायचं. उस्तानीबाईंचे दोन शब्द ठरलेले. कुणी काही ठासून सांगितलं की त्या विचारत, "हमेशा?" आणि मग, "किस वास्ते?"

घरी हे दोन शब्द घेऊन मी सगळ्यांना जेरीस आणलं. आई म्हणाली, "तुला काही सांगावं तर उलटंच बोलतीस." मी म्हणाले, "हमेशा?" आणि पाठीत धपाटा खाल्ला. आत्या पलीकडं बसून हसत होती. तिला हे शब्द आवडले होते. मी शाळेतून आले की ती करडई निवडता निवडता मला आजच्या तासाला काय झालं ते विचारून घेई.

मी सहावीत असताना पावसानं मधेच मोठी ओढ दिली. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन खुरटली. त्याच दिवसांत आमच्या शेजारणीच्या शेळीला दोन करडं झाली होती, काळीभोर, लांब कानांची. शेळी आमच्या परसात आली, करडंही आली. आत्यानं एका करडाला उचलून कुंपणापलीकडं शेजारणीच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी शेळी मेली, आणि अंगावर पिणारी दोन्ही करडंही दोन दिवसांत गेली.

शेजारीण आमच्या दारात येऊन ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आपल्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला शांतपणे सांगत राहिली, "हात लावला व्हता तिनं. एका दिसात गेली बघा शेळी." आत्या त्यानंतर परसात जायची बंद झाली. धुणंसुद्धा घरातल्या न्हाणीत धुवू लागली.

मी शेजारणीकडं गेले. मला वाटत होतं, मी नीट समजावलं की तिला पटेल. "मावशी, आधी हात लावला आणि मग शेळी मेली. पण हात लावला म्हणून मेली कशावरून?"

"मग कशानं मेली?"

ते मला माहीत नव्हतं. मी शेरडं चारायला नेणाऱ्या माणसाला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "किराळ लागली की. खुरटलेल्या ज्वारीत शिरली शेरडं. तशी ज्वारी खाल्ली की जनावर तडफडून मरतं. ह्या आठवड्यात खालच्या पेठंतल्याबी शेळ्या गेल्या." खालची पेठ गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. आत्या तिकडं वर्षानुवर्षं फिरकली नव्हती.

मी धावत परत आले आणि शेजारणीला सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिची सावली तिकडंबी पडली असंल."

"ती तिकडं गेलीच न्हाय!"

"सावलीला जावं लागत न्हाय पोरी."

 मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. ती म्हणाली, "शाळंत घालून वाया घालवली गं तुला तुझ्या बापानं," आणि भाकरी थापायला आत गेली.

गुरुवारी तास संपल्यावर मी उस्तानीबाईंना गाठलं आणि हे सगळं सांगितलं. बोलता बोलता मला रडू आलं. त्यांनी मला पाणी दिलं. "तू म्हणतेस शेळी दुसऱ्या कारणानं मेली, तरी ती म्हणते तुझ्या आत्यामुळं. खालच्या पेठेतली मेली, तरी तिच्यामुळं. शेळी जगली असती तर?"

"तर काहीच म्हणाली नसती."

"म्हणजे काहीही झालं तरी तिचं बोलणं खोटं पडू शकत नाही. असल्या बोलण्याशी भांडू नक्को. भांडायला त्यात जागाच नसते." मग त्यांनी विचारलं, "तुझ्या आत्याला काय वाटतं?"

मी म्हणाले, "तिला वाईट वाटतं."

"ते नाही. तिला काय खरं वाटतं?"

याचा मी विचारच केला नव्हता. आत्यावर लोक आळ घेतात आणि आत्या ते सोसते, एवढंच माझ्या डोक्यात होतं. घरी आले. आत्या माजघरात सूप घेऊन बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सरळ विचारलं, "आत्या, तुझा पाय वाईट हाय असं तुलाबी वाटतं का?"

तिनं सूप थांबवलं नाही. "वाटतं म्हंजे काय. हायच."

"कशावरून?"

"तुझा मामा गेला." नवऱ्याला ती माझ्याशी बोलताना मामा म्हणे. "मग तुझे आजोबा गेले. आता ही शेळी."

"शेळीला किराळ लागली."

"ते ऐकलं म्या. शेळी सोड. बाकीचं?"

"मामा गेले तेव्हा त्या गावात अजून कोण कोण गेलं?"

आत्या आठवू लागली. पाटलाचा थोरला. मशिदीशेजारच्या घरातली सासू आणि सून, दोघी. कोष्ट्याची तिन्ही लेकरं. नावं घेता घेता तिचा हात मंदावला. मी म्हणाले, "त्या सगळ्यांच्या घरात तू गेली व्हतीस?"

"न्हाय. नवी सून मी. उंबऱ्याबाहेर कुठं सोडत व्हते मला."

"मग?"

"मग काय. पटकी आली व्हती, ते मलाबी कळतं. पण माझाच नवरा का? शेजारचा का न्हाय?"

"कोष्टीणबी हेच म्हणत असंल की. माझीच लेकरं का?"

 आत्यानं सूप खाली ठेवलं. "तुझ्या उस्तानीबाई काय म्हणत्यात? जिथं गेले तिथं वाईट झालं, तेवढंच बघायचं, का चांगलं झालं तेबी बघायचं?"

हे उस्तानीबाईंनी आम्हाला अजून शिकवलं नव्हतं. पण मला ते एकदम पटलं. "चांगलंबी बघायचं! सांग, कुठं चांगलं झालं?"

तिनं दाराकडं बघून घेतलं. आई बाहेर विहिरीवर होती. "तुला कुणी सांगितलं न्हाय. तुझ्या वेळंला सुईण गावात नव्हती. दुसरी यायच्या आधीच तू आलीस. घरात मीच व्हते. माझ्याच हातात पडलीस तू. नाळ सुईणीनं कापली, आणि तुझ्या अप्पांनी तिला सांगून ठेवलं, बाहेर बोलू नको म्हणून."

मला हसूच फुटलं. "मग मी मेले का?"

आत्याही हसली. डोळे पुसत म्हणाली, "न्हाय मेलीस. पण तू एक झालीस. एकावरून सगळं ठरवता येत न्हाय, असं तूच सांगितलं मला त्या दिवशी."

त्यानंतरच्या गुरुवारी आत्या माझ्याबरोबर शाळेत आली. मुलींची शाळा, आत पुरुष माणूस नाही, म्हणून अप्पांनी हरकत घेतली नाही. ती मागं भिंतीला टेकून बसली आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून ऐकत राहिली. तास सुटल्यावर उस्तानीबाई तिच्याशेजारी खाली येऊन बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच येत होती. तरी त्या बोलत राहिल्या, शाळेचा शिपाई कुलूप घेऊन दारात येऊन उभा राहीपर्यंत. पुढं आत्या बऱ्याच गुरुवारी येऊ लागली. कधी उस्तानीबाईंच्या घरी जाऊन त्यांच्या वडिलांना ताक देऊन येई. म्हातारे तिला प्रश्न घालत आणि तिचं उत्तर ऐकून मांडीवर थाप मारत.

त्याच वर्षी आईला पुन्हा दिवस गेले होते. महिने भरत आले तशी आत्यानं आपली पिशवी भरली. मागच्या खेपेलाही बाळंतपणाआधी ती वाशीच्या नातेवाइकांकडे जाऊन राहिली होती. मोटार सकाळची होती. आई भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. ती फार कमी बोलणारी बाई. माहेर सीमेवरचं, तिकडं कानडी. मराठी ती जपून बोले. आत्या पाया पडायला वाकली तशी आई म्हणाली, "वन्सं, पिशवी ठेवा."

"का?"

"मागच्या वेळंला तुमी वाशीला व्हता."

"व्हय."

"तुमी नव्हता. तरी लेकरू गेलं."

एवढंच बोलली. मला जिनिंगच्या बंद भोंग्याची आठवण झाली. शाळेतली ती गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. सांगायला गेले की ती धपाटा घाली. मनातल्या मनात ती हे कधीपासून धरून बसली होती, ते तिचं तिला माहीत. आत्यानं पिशवी खुंटीला टांगली आणि तोंड भिंतीकडं करून उभी राहिली.

भाऊ भरदुपारी झाला. सुईण होती, आत्या तिच्या हाताखाली होती. पाणी तापवणं, आईची पाठ धरणं, सगळं तिनं केलं. भाऊ जन्मला तेव्हा रडला नाही. सुईणीनं त्याला पालथा धरून थोपटलं, तरी नाही. दाराच्या फटीतून मला आत्या दिसत होती. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती एक पाऊल मागं सरली, अजून एक. ती आता बाहेर निघून जाणार, असं मला वाटलं. आई पडल्या पडल्या म्हणाली, "जाऊ नका. हात द्या तिला." आत्या परत पुढं आली, बाळाचं तोंड तिनं बोटानं साफ केलं, आणि मग तो रडला.

मी उस्तानीबाईंना ही बातमी द्यायला गेले ती उड्या मारतच. "आता सिद्ध झालं जी! आत्याचा पाय चांगला हाय!"

उस्तानीबाई खूष झाल्या, मला खडीसाखर दिली. पण म्हणाल्या, "बाळ जगलं म्हणून पाय चांगला, हे तरी कुठून काढलंस? पायाचा बाळाशी काही संबंध नाही, एवढंच म्हणायचं. कमी म्हणायचं, पण खरं म्हणायचं."

गल्लीला कमी म्हणणं जमणारं नव्हतं. मेल्यासारखं जन्मलेलं पोर तिच्या हातानं जिवंत झालं, अशी बातमी पसरली. वर्षभरात आत्याचा पाय वाईटाचा चांगला झाला. बाळंतपण म्हटलं की तिला बोलावणं येऊ लागलं. शेजारीणसुद्धा सुनेच्या वेळी तिला न्यायला आली. आत्या गेली. घरी येऊन मात्र माझ्यापाशी कुरकुरली, "आधी म्हणत व्हत्या वाईट, आता म्हणत्यात चांगला. तेबी खोटंच हाय. पण काय बोलणार? बाई तिकडं कळा देत असती, तिला काय मंतिक सांगत बसू?"

पुढची दोन वर्षं वाईट गेली. निजामाच्या बाजूच्या, भाले आणि बंदुका घेतलेल्या टोळ्या खेड्यांतून फिरत. माझ्या आईचं माहेर लुटलं गेलं; आजोळची माणसं सगळं टाकून सोलापूरकडच्या छावणीत जाऊन राहिली. धाराशिवात दुकानं दुपारीच बंद होऊ लागली. लोकांच्या मनात साठलेला राग उगाच नव्हता. मग हिंदुस्थानची फौज आली, सोलापूरच्या बाजूनं, आणि निजामाचं राज्य चार-पाच दिवसांत संपलं. ज्यांनी लूट केली होती ते बहुतेक आधीच पळाले होते. राग मागं राहिलेल्यांवर निघाला.

उस्तानीबाईंचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं. त्या बाजूनं धूर दिसू लागला तेव्हा अप्पा दुकानावर होते. आत्यानं आईला काहीतरी विचारलं, आईनं मान हलवली, आणि आत्या मागच्या दारानं गेली. परत आली ती उस्तानीबाई आणि त्यांचे वडील यांना घेऊनच. उस्तानीबाईंच्या अंगावर आत्याचं इरकली लुगडं होतं. म्हाताऱ्यांच्या डोक्यावर तिनं आमच्या दुकानातल्या हमालाचं पागोटं चढवलं होतं. दोघांना करडईच्या कोठीत, पोत्यांमागं बसवलं.

अप्पा आले, त्यांनी पाहिलं आणि ते मटकन खाली बसले.

"कुणाला विचारून आणलं?"

"वहिनीला विचारलं. तुमाला विचारलं असतं तर तुमी न्हाय म्हणाला असता."

"काय चाललंय दिसतंय ना तुला? ह्यांच्या माणसांनी हिचं माहेर लुटलं."

"ह्यांनी?" आत्यानं कोठीकडं हात केला. "त्या म्हाताऱ्याला दिसत न्हाय, दादा. त्यांनी लुटलं?"

"ह्यांनी न्हाय गं. ह्यांच्यातल्यांनी."

"पेठंतले निम्मे दुकानदार मापात मारत्यात. मग तुमीबी मारता?"

अप्पा चिडले. "आज तसं चालत न्हाय. आज माणूस एक तर ह्यांचा, न्हायतर आपला."

"दोनच दारं," मी हळूच म्हणाले. माझ्याकडं कुणी पाहिलं नाही.

आत्या अप्पांच्या समोर बसली. इतकी वर्षं ती त्यांच्यासमोर कधी बसून बोलली नव्हती. "दादा, गल्ली माझ्याबद्दल बोलली ते तुमी मानलंत. म्याबी मानलं. माझी सगळी उमेद त्यात गेली. ते खोटं निघालं. आता तीच गल्ली ह्यांच्याबद्दल बोलती. तेबी खोटंच असणार."

पोत्यांच्या मागून म्हाताऱ्यांचा आवाज आला. घाबरलेला, पण मास्तराचाच. "बेटी, गल्ली एकदा चुकली, म्हणून हर बार चुकते, असं होत नाही."

"अब्बा, चुप बैठिए," उस्तानीबाई कळवळून म्हणाल्या.

अप्पांनी कोठीकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येत नाही. ज्याच्या जिवावर बेतलंय तो माणूस आपल्याच बाजूच्या बोलण्यातली चूक दाखवतो आहे, हे त्यांना झेपत नसावं. शेवटी ते उठले, आणि आत्याला म्हणाले, "त्यांना काहीतरी खायला दे. आणि बोलू नका म्हणावं. म्हाताऱ्याला तर आजिबात बोलू देऊ नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी काही माणसं लाठ्या घेऊन आमच्या गल्लीत आली. शेजारीण ओट्यावर होती. आपल्या परसातून तिनं आदल्या दिवशी सगळं पाहिलं होतं, हे आम्हाला माहीत होतं. आम्ही दाराआड उभे. एकानं तिला विचारलं, ती मास्तरीण इकडं आली का. शेजारीण म्हणाली, "ती? ती तर बापाला घेऊन परवाच मोटारीनं गेली." आणि भाजी चिरत राहिली. तिनं असं का केलं, मी तिला कधी विचारलं नाही.

दोघं आमच्याकडं पंधरवडाभर तरी राहिली. बाहेर शांत झाल्यावर उस्तानीबाई आपल्या घराकडं जाऊन आल्या. घर उभं होतं, आत काही उरलं नव्हतं. वडिलांच्या किताबा अंगणात जाळलेल्या. ते वडिलांना सांगू नका, असं त्यांनी आम्हाला बजावलं. पुढं हैदराबादहून त्यांचा एक भाचा आला आणि दोघांना घेऊन गेला. मोटारीपर्यंत आत्या गेली होती. निघताना म्हातारे हात चाचपत म्हणाले, "हमारी वो शागिर्द किधर है?" मी पुढं झाले. त्यांनी माझं डोकं चाचपलं आणि म्हणाले, "तू नक्को. दुसरी. बडी वाली." आत्यानं वाकून त्यांचे पाय धरले. त्यानंतर त्यांची काही खबर आली नाही.

शाळा पुष्कळ दिवस बंद राहिली. उघडली तेव्हा सगळं मराठीत झालं होतं आणि आम्हाला एक एक इयत्ता मागं बसवणार, असं कळलं. अप्पा म्हणाले, आता कशाला जायचं? नोटिसा मराठीत येणार, आम्ही वाचू. शिवाय दिवस चांगले नाहीत.

आत्या धाकट्याला भरवत होती. तिथूनच म्हणाली, "दिवस चांगले झाले की पाठवणार?"

"मग बघू."

"चांगले झाले हे कोण सांगणार, दादा? दवंडी पिटणार का कुणी?"

 आई चुलीपुढून उठली, माझी पाटी कोनाड्यातून काढून पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. सकाळी मी निघाले तेव्हा आत्या चुलीपाशी गेली नाही. ती माझ्यापुढं उंबरा ओलांडून रस्त्यावर उतरली आणि म्हणाली, "चल लवकर, मला परत येऊन भाकरी टाकायच्यात."